इरेलीचं नाव कोणी नेलं?

१

नदी जागच्या जागी होती. नाव तेवढं गेलं होतं.

प्रकाशन संस्थेच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर एक नकाशा लावलेला होता. त्यातले डोंगर, अरण्यं, आपसात भांडणारी राज्यं आणि त्या सगळ्यांमधून वाहणारी निळी नदी, हे सगळं एका लेखकानं मनानं रचलेल्या जगातलं. ते जग इतकं खपत होतं की पुष्कळ लोकांचा आपल्या जगापेक्षा त्याच जगावर जास्त विश्वास बसला होता. नदीचं नाव इरेली. उगमाशी, मोठ्या पुलापाशी, वळणावर आणि मुखाशी असं चार ठिकाणी ते निळ्याकाळ्या शाईनं लिहिलेलं होतं. आज सकाळी खोली उघडली, तेव्हा त्या चार ठिकाणी चार पांढुरके चट्टे होते.

प्रकाशकानं पोलिसांना बोलावलं नाही. नदी कुठल्या हद्दीत येते, हा पोलिसांचा पहिला प्रश्न असता. त्यानं आत्यांना बोलावलं.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. सगळा जन्म विमा कंपनीत गेलेला. जळलेली दुकानं, जळलेली गोदामं पाहायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. दुकानदार पाठीमागे त्यांना शंकासुर म्हणत आणि समोर चहा देत. आत्या चहा घेत आणि दावा नामंजूर करत.

"संध्याकाळी समारंभ आहे गं आत्या," प्रकाशक म्हणाला. तो रात्रभर जागल्यासारखा दिसत होता. खरं तर आत्ताच झोपेतून उठून आला होता. "कारखानदार इरेली नावाचं बाटलीतलं पाणी काढतोय. या नकाशासमोर उभं राहून आपले लेखकसर त्या नावाची जन्मकथा सांगणार, कॅमेरे येणार. आणि हे बघ!"

"संशय कुणावर?"

"संशय कसला? नकाशावालीचंच काम. काल दुपारी आम्ही सगळे वर गच्चीवर तालमीत होतो, येत-जात होतो. ही इथे रंग दुरुस्त करत होती. काच तिनंच उतरवलीय, खरडायची सुरी तिची, तिच्याच डब्यावर सापडली. संध्याकाळी तिला काढतो. आणि पुन्हा या धंद्यात कुणी तिच्या हातात पेन्सिलसुद्धा देणार नाही, अशी व्यवस्था करतो."

"सगळं ठरवलंयस, मग मला कशाला बोलावलंस?"

"चौकशी केली असं कारखानदाराला सांगावं लागेल ना."

आत्यांनी पदर खोचला, नकाशाखाली बसल्या आणि फरशीवरून बोट फिरवलं.

"केर काढलास का रे इथला?"

"नाही गं. तू रागावशील म्हणून कुणाला पाऊल टाकू दिलं नाही."

आत्यांनी बोट पाहिलं. मग उठून चौकटीची खालची लाकडी पट्टी नखानं उचलली. काच नसल्यामुळे ती सहज वर आली. पट्टीखाली, कुणाच्या दृष्टीला कधी न पडणाऱ्या कोऱ्या कडेवर, पाचवा चट्टा होता.

"इथे काय लिहिलेलं होतं?"

"तिथे?" प्रकाशक म्हणाला. "तिथे कधीच काही नव्हतं."

२

"होतं," नकाशावाली म्हणाली.

ती सामानाच्या खोलीत पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसली होती. रडून झालं होतं, आता नाक तेवढं उरलं होतं.

"मोठं काम सुरू करायच्या आधी मी कडेला एकदा अक्षर लिहून बघते. हात बसावा म्हणून. नदीचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून तेच लिहिलं. चौकट बसली की झाकलं जातं."

"चौकट कुणी बसवली?"

"मीच. सरांच्या घरी. सगळा नकाशा त्यांच्याच घरी केला, जेवणाच्या टेबलावर. त्यांना म्हणे डोळ्यांसमोर हवा होता."

"आणि ती माणसं जेवायची कुठे?"

"सर आरामखुर्चीत, ताट मांडीवर घेऊन. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, ओट्यापाशी, उभ्यानं." ती ओशाळली. "मी टेबल मोकळं करून देते म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, राहू दे, नदी ओली आहे."

"पट्टीखालचं नाव कुणाकुणाला माहीत?"

"मला. सर आणि वहिनी तिथेच असायचे, त्यांना. आणखी कुणाला असणार?" मग तिनं मान वर केली. "आत्या, पुस्तकावर माझं नाव नाही. नकाशा म्हणे सरांच्या डोक्यात होता, मी नुसता उतरवला. मला राग होता, तो मी दहाजणांना बोलून दाखवला. आता ते दहाहीजण सांगत फिरतायत. पण स्वतःचं अक्षर कुणी खरडतं का?"

"तू खरडतेस तरी कशी, ते दाखव पाहू."

एका वाया गेलेल्या छापील पानावर तिनं आपली सुरी चालवली. शाई सुटली, तशी फुंकर मारून पूड जमिनीवर उडवली. मग हात आपोआप आत्यांच्या चहाच्या बशीकडे गेला. चमचा उचलून तिनं त्याच्या पाठीनं खरडलेली जागा घासघासून गुळगुळीत केली.

"आणि हे काय चाललंय?"

"काय?" तिनं चमच्याकडे पाहिलं. "अय्या, तुमचा चमचा! सवय हो. खरडलं की कागदाचे तंतू उभे राहतात. घोटल्याशिवाय हात थांबतच नाही."

आत्यांनी तिचं नाक पुसायला आपला रुमाल दिला. "घरी जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "जे पळतात त्यांचाच दावा मी आधी फेटाळायची."

३

बाहेरच्या बाकावर एक मध्यमवयीन गृहस्थ दंडाला काळी फीत बांधून बसले होते. एरवी ते कुठल्याशा कचेरीत खालमानेनं काम करत. पण सुट्टीच्या दिवशी त्या काल्पनिक राज्याचे सेनापती असत. संस्थेत सगळे त्यांना भक्त म्हणत.

"घरात कुणी गेलं का?" आत्यांनी विचारलं.

"इरेली," भक्त म्हणाले आणि डोळे टिपले.

"हे नाव आलं कुठून?"

बाकावर जागा करून देत भक्त एकदम हुशारले. "पहिल्या आवृत्तीत सर लिहितात की एका मेंढपाळाच्या हाकेवरून. पुढच्या आवृत्तीत, राणीच्या आसवांना त्या देशात इरेली म्हणतात. आणि नव्या परिशिष्टात, नदीकाठच्या जुन्या भाषेत इरेली म्हणजे मागे न फिरणारी."

"यातलं खरं कुठलं?"

"तोच तर वाद आहे! आमचं वाचकमंडळ त्यावरून फुटलं. आता तीन मंडळं आहेत. मी आसवांचा. हाकवाले भेटले तर आम्ही रस्ता बदलतो."

आत्यांनी मान डोलावली. विम्याच्या धंद्यात आगीचं एक खोटं कारण सांगणारा माणूस घाबरलेला असे. तीन सांगणाऱ्याला मात्र खरं कारण चोख माहीत असे.

"सरांना तोंडावर कधी विचारलंत?"

"एकदा घरी गेलो होतो. सर सांगायला लागले, तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन आल्या. क्षणभर उभ्या राहिल्या आणि ट्रे घेऊन तशाच आत गेल्या. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही." ही गोष्ट त्यांनी इतक्या दुःखानं सांगितली, की चहा चांगला होत असावा.

"नकाशावर नाव किती ठिकाणी होतं?"

"चार. झोपेतून उठवून विचारा."

"पाचवं होतं. पट्टीखाली."

भक्तांच्या चेहऱ्यावर शोक मावळला आणि तिथे निव्वळ आनंद पसरला. "पाचवं?" ते बाकाला धरून कुजबुजले. "पाचवी इरेली? आणि हाकवाल्यांना माहीत नाही?"

एवढं खोटं हसू आणणं त्यांना जमलं नसतं. आत्यांनी त्यांना बाजूला ठेवलं आणि लेखकाच्या खोलीकडे वळल्या. आतून आवाज येत होता.

"विषय वाढवू नका म्हणून सांग त्या बाईंना," लेखक फोनवर कुणाला तरी म्हणत होता. "मुलगी गेली की संपलं."

४

लेखक संध्याकाळच्या भाषणासाठी पेन्सिलीला टोक करत होता. त्याला कोवळ्या टोकाशिवाय सुचत नसे. शार्पनरमधून टरफलं फरशीवर पडत होती, आणि शेजारच्या खुर्चीतल्या वहिनी वाकून ती कागदाच्या पुडीत गोळा करत होत्या. दोघांचंही एकमेकांकडे लक्ष नव्हतं. कित्येक वर्षं एकाच यंत्रात बसवलेले दोन भाग जसे फिरतात, तसं ते चाललं होतं.

"बसा आत्या. तुमचा वेळ फुकट गेला. गुन्हेगार सापडलाय."

"हो ना. मी आपली उगीच कोपरे बघत हिंडतेय. नाव छान आहे हो नदीचं. कुठून सुचलं?"

लेखकानं खिडकीबाहेर पाहिलं. मुलाखतीत तो तिथेच पाहत असे. "नाव सुचत नसतं. नदी आपलं नाव घेऊन येते. त्या जुन्या भाषेत..."

"मागे न फिरणारी. कळलं ते." आत्यांनी वहिनींकडे पाहिलं. "तुम्ही वाचता का यांची पुस्तकं?"

"मला नाही ते राजेबिजे कळत," वहिनी म्हणाल्या.

"आणि नदी?"

"ती माहितीये. आमच्या टेबलावर होती."

लेखक घाईनं हसला. "हिला घर आणि मी, यापलीकडे जग नाही. ती नकाशावाली पोर चिडकी आहे हो. आज तिला काढतील, उद्या विसरतील लोक."

वहिनींचा टरफल उचलणारा हात थांबला. "कुणाला काढणार?"

"तुला काय करायचंय?"

"पट्टीखालचंही खरडलंय," आत्या सहज बोलल्यासारख्या बोलल्या.

पेन्सिलीचं टोक कटकन मोडलं. लेखकानं मान वळवली. पण आत्यांकडे नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आश्चर्य औषधालासुद्धा नव्हतं. सकाळी चट्टे पाहिल्यापासून त्याला माहीत होतं, फक्त पट्टीखालचं तेवढं नवीन होतं.

वहिनी वाकल्या आणि मोडलेलं टोक उचलून त्यांनी पुडीत ठेवलं.

५

आत्यांना इथे थांबता आलं असतं. दार लावून दोन बायकांनी दोन शब्द बोलावेत, एवढंच काम उरलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, आणि कोडं सुटल्यावर माणसाला खोली भरलेली लागते. त्यांनी सगळ्यांना नकाशासमोर बोलावलं. भक्त न बोलावता आले.

"पाचवं नाव ज्यानं खरडलं, त्याला ते तिथे आहे हे ठाऊक होतं," आत्यांनी सुरुवात केली. "म्हणजे भक्त नाहीत, आणि आमचे हे भाचेही नाहीत. याला तर स्वतःच्या भिंतीवर काय आहे तेही माहीत नव्हतं. उरली तीन माणसं. नकाशावाली, लेखक आणि वहिनी."

"नकाशावाली!" प्रकाशक म्हणाला.

"तिनं खरडलं असतं, तर जागा घोटली असती. तो हात थांबत नाही, माझा चमचा साक्षीला आहे. हे चट्टे बघ, लव उभी आहे अजून. आणि ती पूड फुंकरीनं उडवते. इथल्या फरशीवर पुडीचा कणसुद्धा नाही. केर कुणी काढलेला नाही. मग पाच नावांची शाई गेली कुठे?"

आत्यांनी आपलं स्वच्छ बोट सगळ्यांपुढे धरलं.

"नुसतं पुसायचं असतं, तर पूड खाली टाकून माणूस निघून गेला असता. यानं चिमटीनं वेचून वेचून नेली. इथे नासधूस झालेली नाही. कुणीतरी आपली वस्तू परत नेलीय." आत्या लेखकाकडे वळल्या. "यांनी नेली का? मी यांच्या खोलीत बसले होते. या गृहस्थांनी जन्मात खाली पडलेलं काही उचललेलं नाही. या आरोपातून त्यांना मी एका मिनिटात सोडते."

नकाशावाली हसणार होती, पण तिला वहिनींचा चेहरा दिसला.

"उरलं तिसरं माणूस," आत्या म्हणाल्या, आणि आता कुठे त्यांना वाटलं की पुढचं वाक्य बोलू नये. त्या बोलल्या नाहीत. गरजही पडली नाही.

वहिनींनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं. आत चष्म्याच्या फडक्यावर निळीकाळी पूड होती, चिमूटभर.

"तुझ्यावर आळ येईल असं मला वाटलं नाही," त्या नकाशावालीला म्हणाल्या. "सुरी तुझी होती म्हणून परत तुझ्या डब्यावर ठेवली गं. घरी ठेवते तशी."

"पण का?" प्रकाशक ओरडला. "वहिनी, का?"

"आमची मुलगी होती. संध्याकाळी झाली, सकाळी नव्हती. नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. कुणाच्या घरात नसेल असं हवं म्हणून दोघांनी बसून तयार केलं होतं. कागदावर चढायच्या आत ती गेली. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'मुलगी' आहे. हे म्हणाले, यापुढे ते नाव घरात काढायचं नाही. मी नाही काढलं." त्यांनी नकाशाकडे बोट केलं. "यांनी छापलं."

"कोवळ्या मनानं..." लेखक म्हणाला.

"असू दे. नदी तर नदी म्हटलं. चार लोकांच्या तोंडी राहील. काल वर गच्चीवर तालमीत बाटल्या वाटल्या. पाणी पिऊन झालं की पायानं चेपायची, म्हणजे टोपलीत मावते, असं तो कारखानदार शिकवत होता. सगळे चेपत होते. नाव वर करून." त्यांनी घर मिटलं. "तेव्हा खाली आले. ही मुलगी घरी गेली होती."

मग लेखकानं खिशातून वही काढली आणि, टोक मोडलेलं असल्यामुळे, भक्तांकडे पेन मागितलं.

६

समारंभ उत्तम झाला.

लेखकानं मेंढपाळ, आसवं आणि जुनी भाषा तिन्ही टाकून दिली. "आज मी प्रथमच खरं सांगणार आहे," असं म्हणून त्यानं खरं सांगितलं. संध्याकाळ सांगितली, सकाळ सांगितली, दवाखान्याच्या कागदावरचा एकटा शब्द सांगितला. आवाज कुठे अडकायला हवा ते त्याला लिहितानाच कळलं होतं. तिथे तो अडकला. मग मागच्या चट्ट्यांकडे हात करून म्हणाला, "एका आईनं आपलं नाव परत नेलं." कॅमेरे पहिल्या रांगेतल्या वहिनींकडे वळले. वहिनी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. टाळ्या थांबेनात.

कारखानदार रडला. तो मनापासून रडला, आणि डोळे पुसत म्हणाला की लेबलावर कोपऱ्यात छोटासा पाळणा टाकू या. भक्तांनी तिन्ही मंडळं विसर्जित करून चौथं काढलं.

प्रकाशकाला तर तिथल्या तिथे सुचलं. पुस्तकाची खास आवृत्ती, आत नाव खरडलेला नकाशा, प्रत्येक प्रत हातानं खरडलेली. नकाशावालीची नोकरी वाचली, एवढंच नव्हे तर पुस्तकावर नावही येणार होतं.

"एकच कर," प्रकाशक तिला म्हणाला, "खरडल्यावर घोटू नकोस. अस्सल वाटलं पाहिजे."

जिन्यात आत्यांनी वहिनींना गाठलं.

"मी तोंड उघडायला नको होतं."

"पोरीची नोकरी गेली असती," वहिनी म्हणाल्या.

"दाराआड बोलता आलं असतं. मला खोली भरलेली हवी होती."

वहिनींनी नाही म्हटलं नाही. तेवढ्यात वरून प्रकाशक धावत आला. "वहिनी, ती पूड! ती तुमच्याकडेच आहे ना? काचेच्या पेटीत ठेवू, नकाशाखाली. लोकांना पाहायला मिळेल."

"द्या द्या," लेखक वरच्या पायरीवरून म्हणाला. "आता ती सगळ्यांचीच आहे."

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "उद्या पाठवते," त्या म्हणाल्या. "आज अंधारात सांडेल."

७

काचेची पेटी सुबक झाली होती. खाली पितळी पट्टीवर लिहिलं होतं, 'इरेली: मूळ नावाची शाई'. लोक रांगेनं येत, वाकत, आणि गप्प होऊन पुढे सरकत. एक बाई तर पेटीला हात जोडून गेली.

"तुझी एक सही हवी आत्या," प्रकाशक म्हणाला. "पेटीचा विमा उतरवतोय. पूड अस्सल आहे असं जाणकारानं लिहून दिलं पाहिजे. तुझ्याएवढं जाणकार कोण?"

आत्यांनी चष्मा पुसला आणि वाकल्या. सवयीनं आधी कडा पाहिल्या, मग मधला भाग. पूड करड्या रंगाची होती. निळा कण त्यात एकही नव्हता. एका कोपऱ्यात लाकडाची पिवळसर, नागमोडी चकती होती, तिला पेन्सिलीच्या लाल रंगाची बारीक किनार. तिच्याशेजारी शिशाचं एक मोडकं, कोवळं टोक.

आत्या सावकाश सरळ झाल्या.

पलीकडे भिंतीशी लेखक वाचकांना सह्या देत होता. त्याच्या शेजारी खुर्चीत वहिनी बसल्या होत्या, चष्म्याचं घर मांडीवर आणि दोन्ही हात त्यावर. त्यांनी आत्यांकडे पाहिलं. नजरेत विनवणी नव्हती. काय करायचं ते करा, अशी होती.

"काय गं, आहे ना अस्सल?" प्रकाशकानं पेन पुढे केलं. "आणि तू बसणार आहेस ना? चहा सांगतो."

आत्यांनी अस्सलपणाच्या दाव्यावर सही केली. चहा नको म्हणाल्या.